किती आणे खात्री?
दीर्घकालीन श्वसनविकारांत रुग्णाच्या स्वसामर्थ्यविश्वासाचे मापन

जुलै महिन्यातील एका पावसाळी सकाळची गोष्ट. खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई आणि आजी बेळगावला आल्या होत्या. मध्यरात्री मुलाला दम्याचा तीव्र झटका आला. वाहन मिळेपर्यंत पहाट झाली, आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्याला एक वाक्यही सलग बोलता येत नव्हते. प्राणवायू व नेब्युलायझेशन दिल्यावर तास-दीड तासाने त्याला आराम पडला. त्यानंतर मी आईशी बोलावयास बसलो. घरात इनहेलर होता काय? होता. स्पेसर? तोही होता, कपाटात, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला. निळा इनहेलर केव्हा द्यायचा? तिने अचूक सांगितले. कसा द्यायचा? इनहेलर हलवायचा, एका वेळी एकच दाब, मग मुलाने पाच-सहा श्वास घ्यायचे, मग पुन्हा हलवून दुसरा दाब. हेही अचूक. मग दिला का नाही?

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “ठाऊक होतं डॉक्टर. पण त्या वेळी माझ्याच्यानं ते होईल असं वाटलंच नाही.”

माझ्या केसपेपरवर तीन महिन्यांपूर्वीची नोंद होती : ‘इनहेलरचे तंत्र शिकविले. पालकांना समजले.’ ही दोन्ही वाक्ये खरी होती. परंतु समजणे आणि करणे यांच्यामध्ये एक पायरी असते, आणि ती मी तपासलीच नव्हती. चूक त्या माउलीची नव्हती, माझी होती. ती पायरी कोणती, ती मोजता येते काय आणि मोजून आपल्या रोजच्या कामात काय उपयोग होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. दमा, सीओपीडी, ब्राँकिएक्टॅसिस यांसारख्या विकारांचे रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाच्या दवाखान्यात व पुष्कळांच्या घरीही असतात. म्हणून डॉक्टर नसलेल्या वाचकांनीही हा लेख परका मानू नये.

संकल्पना

मानसशास्त्रात या पायरीला ‘सेल्फ-एफिकसी’ असे नाव आहे. मराठीत आपण तिला ‘स्वसामर्थ्यविश्वास’ म्हणू. एखाद्या विशिष्ट परिस्थितीत एखादी विशिष्ट कृती आपण पार पाडू शकू, असा व्यक्तीला स्वतःविषयी वाटणारा विश्वास म्हणजे स्वसामर्थ्यविश्वास. कॅनडात जन्मलेले आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात आयुष्यभर अध्यापन केलेले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा (१९२५–२०२१) यांनी १९७७ साली ही कल्पना सविस्तर मांडली. त्यांचे आरंभीचे प्रयोग सापाची आत्यंतिक भीती असलेल्या लोकांवर होते. साप बिनविषारी आहे हे ठाऊक असूनही ही माणसे त्याच्याजवळ जाऊ शकत नसत. इतरांना साप हाताळताना केवळ पाहिलेल्यांपेक्षा, मदतनिसासह स्वतः पायरीपायरीने साप हाताळलेल्या व्यक्तींचा विश्वास अधिक वाढला. आणि ज्याचा विश्वास जितका, तितकी त्याची कृती पुढे गेली, असे त्यांना दिसून आले.

या संकल्पनेची गल्लत तीन गोष्टींशी होते. पहिली, परिणामाची अपेक्षा. ‘इनहेलरने दम कमी होतो’ हा औषधावरचा विश्वास झाला. ‘मी तो देऊ शकेन’ हा स्वतःवरचा. त्या आईचा औषधावर पूर्ण विश्वास होता. दुसरी गोष्ट, स्वाभिमान. आपण चांगली आई आहोत असे वाटणाऱ्या स्त्रीलाही रात्री दोन वाजता स्पेसर हाती घेताना कंप सुटू शकतो. तिसरी, प्रत्यक्ष कौशल्य. कौशल्य असून विश्वास नसतो, आणि विश्वास असून कौशल्य नसते. या तिसऱ्या मुद्द्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

बँड्युरांनी या विश्वासाची तीन परिमाणे सांगितली आहेत : कठीणतेची पातळी, दृढता आणि व्याप्ती. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. विहिरीत पोहणारा मुलगा पावसाळ्यात फुगलेल्या मलप्रभेत उतरण्याचे धाडस करील काय, ही झाली पातळी. करीन म्हणाला तर त्याला त्याविषयी किती खात्री आहे, ही दृढता. आणि पोहण्यात असलेला विश्वास त्याला झाडावर चढतानाही वाटतो काय, ही व्याप्ती. ‘तुम्हाला आत्मविश्वास आहे का?’ या एका ढोबळ प्रश्नाने यांपैकी काहीच कळत नाही.

श्वसनविकारांत याचे महत्त्व

भारतात २०१६ साली सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी आणि दम्याचे सुमारे पावणेचार कोटी रुग्ण होते, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. सीओपीडी हा केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार, ही समजूतही आता मागे पडली आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. लाकूड व शेणी जाळणारी चूल हे त्यातील एक प्रमुख कारण. वर उल्लेखिलेल्या मुलाच्या सत्तरीतील आजीने आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. पण अर्धशतक चूल फुंकली होती. नातवाला आणण्याच्या निमित्ताने तीही तपासली गेली आणि तिला मध्यम तीव्रतेची सीओपीडी असल्याचे स्पायरोमेट्रीत आढळले.

मधुमेह किंवा उच्च रक्तदाब बहुधा मुकाट्याने वाढतो. फुप्फुसाचा आजार मात्र क्षणोक्षणी स्वतःची जाणीव करून देतो. दम लागला की भीती वाटते. भीतीने श्वास उथळ व जलद होतो. त्यामुळे दम आणखी वाढतो. मग माणूस ज्या कामाने दम लागतो ते काम टाळू लागतो. आधी जिना सुटतो, मग बाजार, मग अंगण. स्नायू क्षीण होतात आणि पूर्वी ज्या श्रमाने दम लागत नसे त्याने लागू लागतो. स्पायरोमेट्रीचा आकडा सारखाच असलेले दोन रुग्ण आपण नेहमी पाहतो. एक जण रोज देवळात जाऊन येतो, दुसऱ्याने खाट सोडलेली नसते. या दोघांतील फरक केवळ फुप्फुसांतून स्पष्ट होत नाही. ‘मला झेपेल’ या विश्वासाचा त्यात मोठा वाटा असतो.

याला संशोधनाचा आधार आहे. रॉबर्ट कॅप्लन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली सीओपीडीच्या रुग्णांना चालण्याचा व्यायाम देऊन त्यांचा विश्वास मोजला. चालण्याविषयीचा विश्वास सर्वांत अधिक वाढला, चालण्यासारख्या अन्य कृतींविषयीचा त्याहून कमी, आणि असंबद्ध कृतींविषयीचा फारच थोडा. विश्वास हा कृतिनिष्ठ असतो, याचा हा बोलका पुरावा होय. १९९५ साली अँड्र्यू रीस व सहकाऱ्यांनी ११९ रुग्णांच्या चाचणीत आठ आठवड्यांच्या फुप्फुस-पुनर्वसनाची तुलना नुसत्या आरोग्यशिक्षणाशी केली. पुनर्वसनाच्या गटात चालण्याची क्षमता वाढली, दम कमी झाला, चालण्याविषयीचा विश्वास वाढला. फुप्फुसांच्या क्षमतेचे आकडे मात्र बदलले नाहीत. हा लाभ वर्षभर बऱ्याच अंशी टिकला आणि पुढे ओसरत गेला. म्हणजे विश्वासालाही वेळोवेळी खतपाणी घालावे लागते.

प्रचलित मापनपट्ट्या

सीओपीडीसाठी खास तयार झालेली पहिली प्रसिद्ध प्रश्नावली अमेरिकेतील विगल, क्रीर व कोट्सेस यांनी १९९१ साली ‘चेस्ट’ या नियतकालिकात मांडली. तीत ३४ प्रसंग आहेत. प्रत्येक प्रसंगी श्वासाचा त्रास आपण टाळू किंवा आवरू शकू, याची रुग्णाला कितपत खात्री आहे हे पाच पायऱ्यांवर विचारले जाते. हे प्रसंग पाच गटांत पडतात : उदास वा त्रस्त मनःस्थिती, भावनांचा उद्रेक, शारीरिक श्रम, हवामान व परिसर, आणि स्वतःच्या अपायकारक सवयी. या विभागणीचा फायदा असा की एकूण गुणांपेक्षा कोणत्या गटात रुग्ण अडतो, हे दिसते. एखाद्याला जिन्याची भीती नसते, पण घरात भांडण झाले की त्याचा श्वास कोंडतो.

दुसरी पट्टी फुप्फुस-पुनर्वसनाच्या रुग्णांसाठी ब्रिटनमध्ये विकसित होऊन २०११ साली प्रसिद्ध झाली. तिचे आद्याक्षरी नाव ‘प्रेझ’ असे आहे. तीत १५ विधाने असून प्रत्येकाला १ ते ४ गुण, म्हणजे एकूण १५ ते ६० गुण मिळतात. यांपैकी दहा विधाने जर्मनीतील श्वार्झर व येरुसलेम यांच्या सर्वसाधारण मापनपट्टीतून घेतलेली आहेत आणि पाच पुनर्वसनाशी निगडित आहेत. तिसरी, केट लोरिग व सहकाऱ्यांची सहा प्रश्नांची पट्टी. ती कोणत्याही दीर्घकालीन आजाराला लागू पडते आणि प्रत्येक प्रश्नाला १ ते १० गुण असतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ३४ प्रश्न विचारणे अशक्य असते. सहा विचारता येतात. मात्र प्रश्न जितके सर्वसाधारण, तितकी नेमकी अडचण सापडण्याची शक्यता कमी, ही किंमत मोजावी लागते.

पट्टी कोणतीही असो, तिची गुणवत्ता तीन कसोट्यांवर ठरते. प्रकृतीत बदल नसताना पुन्हा विचारल्यास उत्तर जवळजवळ तेच येते काय? जे मोजावयाचे तेच ती मोजते काय, की रुग्णाची उदासीनता किंवा डॉक्टरांविषयीची भीड मोजते? आणि उपचारानंतर खरोखर फरक पडला तर तो आकड्यात उतरतो काय?

मुलांच्या बाबतीत

बालरोगतज्ज्ञापुढे आणखी एक प्रश्न असतो : विश्वास कोणाचा मोजायचा? नेदरलँड्समधील श्लोसर व हावरमान्स यांनी १९९२ साली दमा असलेल्या मुलांसाठी व किशोरांसाठी मापनपट्टी तयार केली. १९९९ साली अमेरिकेत बर्श व सहकाऱ्यांनी मूल आणि पालक यांच्यासाठी वेगवेगळ्या पट्ट्या केल्या व त्यांत झटका टाळणे आणि झटका आल्यावर तो हाताळणे असे दोन भाग ठेवले. हा भेद अतिशय मार्मिक आहे. आमच्या त्या आईला पहिल्या भागात उत्तम गुण मिळाले असते. प्रतिबंधक इनहेलर ती बहुतेक दिवस न चुकता देत होती. ती अडली ती दुसऱ्या भागात.

माझा अनुभव असा की आठ वर्षांखालील मुलाला आकड्यांत उत्तर विचारण्यात अर्थ नसतो. त्याला ‘दाखव पाहू’ म्हणावे. आठ ते अकरा वयोगटाला पाच पायऱ्यांच्या शिडीचे चित्र समजते. बारा वर्षांनंतर मुलाला पालकांपासून वेगळे बसवून विचारावे. आईसमोर ‘सगळं जमतं’ म्हणणारा मुलगा एकटा असताना सांगतो, की शाळेत मित्रांसमोर इनहेलर काढायची लाज वाटते. मूल आणि पालक यांच्या उत्तरांत तफावत असेल तर ती पुसून सरासरी काढू नये. ती तफावत हीच महत्त्वाची माहिती असते. शिवाय आपल्या घरांत झटक्याच्या रात्री निर्णय कोण घेतो, हेही विचारावे. कित्येकदा ती व्यक्ती आई नसून आजी असते किंवा परगावी नोकरीला असलेले, फोनवरून सूचना देणारे वडील असतात.

भाषेचा प्रश्न

परकीय प्रश्नावली वापरावयाची तर तिचे भाषांतर, उलट भाषांतर, तज्ज्ञांकडून मेळ आणि थोड्या रुग्णांवर पूर्वपरीक्षण एवढे टप्पे आवश्यक असतात; तसेच मूळ कर्त्यांची अनुमतीही लागते. परंतु खरी अडचण शब्दकोशात सापडत नाही. ‘आत्मविश्वास’ हा शब्द वापरला की रुग्णाला आपण त्याच्या स्वभावाची परीक्षा घेत आहोत असे वाटते आणि तो मान ताठ करून ‘आहे की’ म्हणतो. ‘द्याल का?’ असे विचारले तर ‘देईन’ असे उत्तर येते. पण ते वचन असते, सामर्थ्याचा अंदाज नव्हे. बँड्युरांनी आपल्या मार्गदर्शनात यावर भर दिला आहे : काय कराल हे न विचारता काय करू शकाल हे विचारावे. सुदैवाने मराठीत यासाठी घरगुती, नेमकी रचना उपलब्ध आहे. ‘तुमच्याच्यानं होईल का?’ त्या आईने नकळत तीच वापरली होती.

आपल्या सीमाभागात एकाच बाकावर मराठी, कन्नड, कोकणी आणि उर्दू बोलणाऱ्या आया बसलेल्या असतात. म्हणून मी ‘खात्री’ हा शब्द निवडला. तो मराठीत आहे तसाच कन्नडमध्येही रुळलेला आहे. आपण ज्याला ‘रोजगार हमी’ म्हणतो त्याला कन्नडमध्ये ‘उद्योग खात्री’ म्हणतात, हे येथील प्रत्येकास ठाऊक आहे.

राहिला आकड्यांचा प्रश्न. ‘शून्य ते दहा’ असे विचारल्यावर आजी गोंधळल्या. तेव्हा सहज तोंडून गेले, “आजी, रुपयातले किती आणे खात्री आहे?” त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “देवळापर्यंत म्हणाल तर चार आणे. परसात म्हणाल तर बारा.” शून्य, चार, आठ, बारा व सोळा आणे. या पाच पायऱ्या झाल्या; परकीय प्रश्नावल्यांतील पाच पायऱ्यांशी त्या आपोआप जुळतात. आणा व्यवहारातून १९५७ नंतर गेला, पण ‘सोळा आणे’ भाषेत राहिला. तरुण पालकांना शून्य ते दहा विचारावे, वृद्धांना आणे. मात्र एका रुग्णाला प्रत्येक वेळी एकाच पट्टीने मोजावे, हे पथ्य पाळणे आवश्यक आहे.

दवाखान्यासाठी प्रश्नसंच

पुढील प्रश्न मी माझ्या वापरासाठी तयार केले आहेत. ही प्रमाणित मापनपट्टी नव्हे. संशोधनासाठी किंवा दोन रुग्णांच्या तुलनेसाठी तिचा उपयोग करू नये. रुग्णाशी नेमके बोलणे सुरू व्हावे, एवढाच तिचा हेतू आहे. प्रश्न सोप्याकडून कठीणाकडे रचले आहेत. पायरी कोठे घसरते ते पाहावे.

दमा असलेल्या मुलाच्या पालकांसाठी. पुढील गोष्ट तुमच्याच्यानं होईल याची किती खात्री आहे?
१. मूल बरे असतानाही प्रतिबंधक इनहेलर रोज देणे.
२. खोकला व श्वासाची गती पाहून झटक्याची सुरुवात ओळखणे.
३. दिवसा, घरात माणसे असताना, स्पेसरमधून निळा इनहेलर देणे.
४. रात्री, एकट्याने, तेच करणे.
५. मूल रडून हातपाय झाडत असताना तेच करणे.
६. ‘इनहेलरची सवय लागेल’ असे वडीलधारे म्हणत असताना तेच करणे.
७. औषधाने पुरेसा उतार नाही हे ओळखून, वेळ न दवडता रुग्णालयात निघणे.

सीओपीडीच्या रुग्णांसाठी.
१. सपाट रस्त्यावर आपल्या चालीने दहा मिनिटे चालणे.
२. मध्ये थांबत एक मजला चढणे.
३. बाजारातून भाजीची पिशवी स्वतः आणणे.
४. दम लागला असता ओठ आकसून, सावकाश श्वास सोडत तो आवरणे.
५. पावसाळी, दमट हवेतही चालण्याचा नेम न मोडणे.
६. घरातील धूर किंवा दुसऱ्याने पुढे केलेली विडी यांपासून दूर राहणे.
७. कफाचा रंग वा प्रमाण बदलल्यास लगेच डॉक्टरांना कळविणे.

प्रश्न शक्यतो परिचारिकेने किंवा मदतनिसाने विचारावेत. डॉक्टरांसमोर आपली माणसे भिडेपोटी सोळा आणे देऊन मोकळी होतात. ‘बऱ्याच आयांना रात्री हे अवघड वाटतं’ असे आधी सांगितले तर खरे उत्तर येते. निरक्षर रुग्णाला प्रश्न वाचून दाखवावेत, पण समजावताना उत्तर सुचवू नये.

अधिक गुण म्हणजे अधिक चांगले?

येथे एक धोक्याची सूचना देणे अगत्याचे आहे. आंतरिक विश्वास वाढविला की रोग आपोआप आटोक्यात येतो, असा सोयीस्कर समज होऊ नये. कॅनडातील क्वेबेकमध्ये बूर्बो व सहकाऱ्यांनी २००३ साली १९१ रुग्णांच्या चाचणीत दाखविले, की स्वव्यवस्थापनाच्या प्रशिक्षणामुळे सीओपीडीच्या तीव्र झटक्यासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. परंतु ग्लासगो येथील ४६४ रुग्णांच्या २०१२ सालच्या चाचणीत एकूण गटाला तसा लाभ दिसला नाही. प्रशिक्षित रुग्णांपैकी ४२ टक्के खऱ्या अर्थाने स्वव्यवस्थापन शिकले व त्यांचीच स्थिती बरी राहिली. ते तुलनेने तरुण होते आणि कोणाच्या तरी सोबतीने राहत होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांची ४२६ रुग्णांची चाचणी तर मुदतीआधीच थांबवावी लागली. प्रशिक्षणाच्या गटात २८ आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात १० मृत्यू झाले होते. याचे समाधानकारक कारण सापडले नाही. तरीही, रुग्णाच्या हाती कृती-आराखडा देऊन आपण निश्चिंत होऊ नये, एवढा धडा त्यातून निश्चित मिळतो.

म्हणूनच विश्वासाचा आकडा एकटा वाचू नये. आधी खात्री विचारावी, नंतर लगेच ‘करून दाखवा’ म्हणावे. या दोहोंतून चार प्रकारचे रुग्ण दिसतात. खात्री व कौशल्य दोन्ही चांगले असतील तर लेखी आराखडा द्यावा आणि उगाच ढवळाढवळ करू नये. कौशल्य चांगले पण खात्री कमी, अशांना अधिक माहिती नको असते; सराव हवा असतो. दोन्ही कमी असल्यास एका वेळी एकच लहान पायरी घ्यावी आणि घरातील दुसऱ्या व्यक्तीलाही शिकवावे. चौथा प्रकार सर्वांत घातक : खात्री पूर्ण, कौशल्य सदोष. पंधरा वर्षांच्या एका मुलाने मला अभिमानाने ‘दहापैकी दहा’ सांगितले आणि मग इनहेलर न हलवता, श्वास सोडता सोडता दाबला. औषध जिभेवरच राहिले. त्याच्या अनियंत्रित दम्यासाठी औषधाची मात्रा वाढविण्याचा माझा विचार त्या क्षणी मला मागे घ्यावा लागला. अशा रुग्णाचा पाणउतारा न करता तंत्र सुधारावे. खात्री थोडी उतरली तरी चालेल.

आणखी एक. कमी आकडा हा रुग्णाचा दोष नव्हे. औषध परवडत नसेल, घरात एकच इनहेलर असून तो शाळेच्या दप्तरात राहत असेल, रात्री वाहन मिळत नसेल, तर ‘माझ्याच्यानं होणार नाही’ हे उत्तर मनाच्या दुर्बलतेतून नव्हे, परिस्थितीच्या अचूक आकलनातून आलेले असते. तेथे धीर देण्याऐवजी दुसरा इनहेलर, स्वस्त पर्याय आणि वाहनाची व्यवस्था यांचा विचार करावा.

विश्वास वाढतो कसा?

बँड्युरांनी त्याचे चार स्रोत सांगितले आहेत. सर्वांत प्रभावी म्हणजे स्वतः केल्याचा अनुभव. त्या आईला आम्ही सलग तीन दिवस प्रत्येक मात्रा स्वतःच्या हातांनी द्यावयास लावली, त्यांतली एक मुद्दाम रात्री, खोलीत आम्ही कोणी नसताना. दुसरा स्रोत, आपल्यासारख्याच माणसाला करताना पाहणे. तज्ज्ञाच्या भाषणापेक्षा शेजारच्या खाटेवरील आई अधिक शिकवून जाते. तिसरा स्रोत शब्दांचा धीर. तो सर्वांत सोपा, म्हणून आपण तोच सर्वाधिक वापरतो. पण एकटा असता तो लवकर विरतो. चौथा, शरीराच्या संवेदनांचा अर्थ. चालताना लागणारा दम आणि धोक्याचा दम यांतील फरक रुग्णाला कळला की दम लागताच होणारी घबराट कमी होते. आजींना आम्ही दमाची शून्य ते दहा अशी बोर्ग पट्टी आण्यांत समजावून सांगितली आणि ‘सहा आण्यांपर्यंत चालत राहा, त्यापुढे थांबून श्वास घ्या’ असे ठरवून दिले.

ऑगस्टमध्ये मुलाला पुन्हा झटका आला. आईने रात्री औषध दिले, वीस मिनिटांनी पुन्हा दिले, आणि सकाळी उजाडल्यावर त्याला घेऊन आली. त्याला दाखल करावे लागले नाही. ऑक्टोबरमध्ये मात्र औषध देऊनही उतार पडेना; तेव्हा ती वाट न पाहता रात्रीच निघाली. हे दोन्ही निर्णय बरोबर होते, आणि दुसरा मला अधिक मोलाचा वाटतो. आजींची स्पायरोमेट्री होती तेथेच आहे. गॅस शेगडी आता त्यांच्या घरात आहे, पण आंघोळीचे पाणी अजून चुलीवरच तापते. त्याविषयीची त्यांची खात्री चार आण्यांवरून हललेली नाही. देवळाची वाट मात्र बारा आण्यांवर आली आहे.

आपल्या मंडळाच्या सभासदांना एक सुचवावेसे वाटते. केसपेपरवर ‘तंत्र शिकविले, समजले’ या नोंदीखाली आणखी एक ओळ लिहावी : खात्री किती, आणि करून दाखविले काय. त्यासाठी दोन मिनिटे लागतात. त्या जुलैच्या रात्रीपूर्वी मी ती दोन मिनिटे दिली असती, तर त्या मुलाला पहाटेपर्यंत श्वासासाठी झगडावे लागले नसते.